लॅनवर गेम जमत नाहीये? या चुका टाळा

सर्वांत महागडी चूक पैसे भरतानाच होते. गेमच्या पानावर ‘मल्टिप्लेअर’ वाचलं की आपण धरून चालतो, घरातल्या घरात खेळता येईल. पण २०१० साली आलेल्या स्टारक्राफ्ट २ मध्ये लॅनची, म्हणजे घरातली मशीन थेट आपापसांत जोडून खेळण्याची, सोयच नाही. दोघं एकाच टेबलाला बसलेले असले तरी सामना गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या सर्व्हरवरूनच जुळतो. पीसीवरचा डियाब्लो ३ तर एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागतो. अशा गेमसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये रात्र घालवून काहीही हाती लागणार नाही. युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा पूर्ण किंमत मोजलेल्यांचाही गेम संपला. म्हणून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘लॅन को-ऑप’ (मिळून खेळणं) किंवा ‘लॅन पीव्हीपी’ (एकमेकांविरुद्ध खेळणं) अशी वेगळी नोंद आहे का, ते आधी बघा. माझ्या मते नुसत्या ‘ऑनलाइन’ गेमवर मोठी रक्कम घालूच नये, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

गेममध्ये लॅन आहे, तरी मित्राचा सर्व्हर यादीत दिसत नाही? मग बहुतेक वेळा घोळ दोन राउटरचा असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर आणतात आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात खुपसतात. झालं, घरात दोन वेगळी नेटवर्क तयार! सर्व्हर शोधणारी हाक राउटर ओलांडत नाही. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवा, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. एकाचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.७ असेल, तर चोर सापडला. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये पत्ता हाताने टाकूनही ‘लॅन सर्व्हर्स आर रिस्ट्रिक्टेड टू लोकल क्लायंट्स’ असा संदेश येतो, तो बऱ्याचदा याचमुळे. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याशी भिडणार नाही असा ठेवा आणि केबल लॅन पोर्टात लावा. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ वायफायही टाळा. त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसतच नाहीत.

पत्ते जुळतात, तरी अडतंय? होस्टच्या, म्हणजे ज्याच्या मशीनवर गेमचा सर्व्हर चालतो त्याच्या, विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का बघा, घरचं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. गेम पहिल्यांदा उघडताना फायरवॉलची खिडकी येते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं की विंडोज त्या गेमला अडवण्याचा नियमच लिहून ठेवतं. परवानगीच्या यादीत जाऊन तेवढ्या गेमला मोकळं करा. अख्खी फायरवॉल बंद करू नका. ती परत चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही. आणि पिंगला (दुसरं मशीन पोचतंय का ते तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर आलं नाही म्हणून नेटवर्कच तुटलंय असं समजू नका, विंडोजची फायरवॉल पिंगही अडवते.

गेमचं व्हर्जन सगळीकडे एकच हवं, हे वेगळं सांगायला नको.

मित्र दुसऱ्या गावी असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून आपल्या मशीनकडे वळवण्याच्या) मागे लागण्याआधी राउटरचा वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तुमच्या कनेक्शनवर सीजीनॅट आहे (इंटरनेट कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) आणि तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. दूरची मशीन एकाच लॅनवर असल्यासारखी जोडणारं रॅडमिन व्हीपीएन किंवा झीरोटियर वापरा. नंतर घरात खेळताना मात्र त्याचा आभासी ॲडॉप्टर बंद करा, कारण काही जुने गेम तोच पकडून बसतात.