बाळंतपणासाठी इंदूरला माहेरी येताना करून घ्यावयाची एक तपासणी

पहिल्या बाळंतपणासाठी पुण्या-मुंबईहून इंदूरला माहेरी येणाऱ्या मुली बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात येतात आणि त्यानंतर करावयाची एक तपासणी दोन डॉक्टरांच्या मध्ये राहून जाते. ही तपासणी ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूसाठी असते; तो अनेक निरोगी स्त्रियांच्या आतड्यात व योनिमार्गात असतो. आईला त्याचा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, परंतु प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे गेल्यास, क्वचित का होईना, पहिल्या आठवड्यातच बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होऊ शकतो.

आपल्याकडे ही तपासणी सर्वत्र नेमाने होत नाही; म्हणून ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. योनिमार्गाचा खालचा भाग आणि गुदद्वार अशा दोन्ही ठिकाणांहून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने नमुना, घेतात. गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) हाच जिवाणू आढळला असेल, तर स्वॅबची गरज नसते, प्रसूतीच्या वेळचा उपचार ठरलेलाच असतो. यासाठी आधीच्या गावचे सर्व रिपोर्ट सोबत आणावेत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आताच गोळ्या घेऊन मोकळे व्हावे, असे घरच्यांना वाटते. त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रसूतीपर्यंत जिवाणू पुन्हा वाढतो. कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर पेनिसिलिन शिरेतून देतात आणि ते प्रसूतीपूर्वी निदान ४ तास आधी सुरू झालेले बरे. त्यामुळे पाणी गेल्यावर कळांची वाट पाहत घरी मुळीच थांबू नये. कळा येण्याआधी व पाणी न जाता ठरवून सिझेरियन झाले, तर या कारणासाठी हे औषध लागत नाही.

रात्री लेबर रूममध्ये ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी तुम्हाला पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर जिवाणूचे पूर्ण नाव, तपासणीची तारीख आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास तीही ठळक लिहावी, आणि सोबत असणाऱ्या आई-मावशीलाही ते तोंडपाठ असावे.

घरी आल्यावर बाळ दूध ओढेनासे झाले, कण्हू लागले, मलूल पडले, अंग गरम किंवा गार लागले, अथवा शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागले, तर गुटी, शेक किंवा दृष्ट काढण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून, नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात बाळाला लगेच न्यावे. उशिरा होणारा संसर्ग तिसऱ्या महिन्यापर्यंत होऊ शकतो, म्हणून सव्वा महिना उलटल्यावरही या खुणांकडे तितकेच लक्ष ठेवावे.