फ्रीजरमध्ये पुन्हा पुन्हा बर्फ साठतोय? वितळवण्याआधी तो कुठे आहे ते बघा

फ्रीजर उघडावा तर ड्रॉवर अर्ध्यावर अडकतो, पिशव्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. मग आपण फ्रीज बंद करतो, बर्फ वितळू देतो, आतून पुसून पुन्हा चालू करतो. पंधरा दिवसांनी तीच गत. असं होतं, कारण बर्फ वितळवताना तो का साठला याची खूणही आपण पुसून टाकतो. म्हणून प्लग काढण्याआधी पाच मिनिटं बर्फाकडे नीट बघा आणि मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. पुढे मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर हे फोटो फार उपयोगी पडतात.

एवढं पाणी येतं कुठून?

फ्रीजरमधला बहुतेक बर्फ बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा असतो. ३० अंश सेल्सिअसच्या दमट हवेत दर घनमीटरमागे वीसेक ग्रॅम बाष्प असतं. उणे १८ अंशांच्या हवेत जेमतेम १ ग्रॅम मावतं. उरलेलं सगळं आतल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर बर्फ होऊन बसतं. ६० लिटरच्या फ्रीजरमधली हवा एकदा पूर्ण बदलली, तर ग्रॅमभर पाणी आत येतं. दिवसातून २० वेळा असं झालं, तर महिन्याकाठी अर्ध्या किलोहून जास्त बर्फ तयार होतो. हा हिशेब दार नीट बंद होणाऱ्या फ्रीजरचा झाला. दाराला बारीकशी फट असेल, तर बाष्प रात्रंदिवस आत शिरत राहतं. त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी दारावर असतो.

पायरी १: फ्रीजर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

डायरेक्ट कूल फ्रीजरमध्ये थंडावा देणाऱ्या नळ्या आतल्या भिंतींतच असतात. तिथे थोडा बर्फ साठणारच, त्यात बिघाड काही नाही. थर ५-६ मिलिमीटरचा झाला की वितळवायचा. त्याहून जाड होऊ दिला, तर तो भिंतीवर गोधडीसारखा बसतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजरमध्ये मात्र भिंतीवर बर्फाचा थर दिसायलाच नको. तिथे थंड कॉइल मागच्या पॅनेलच्या आड असते. तिच्यावर साठलेला बर्फ एक हीटर ठरावीक तासांनी आपोआप वितळवतो आणि पाणी एका नळीतून खाली, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं. तिथे ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. या साखळीतली एखादी कडी तुटली की बर्फ दिसू लागतो.

पायरी २: बर्फाची जागा वाचा

दाराच्या कडेला, पुढच्या बाजूला किंवा एकाच कोपऱ्यात भुसभुशीत बर्फ असेल, तर बाहेरची हवा तिथूनच आत येतेय. तळाशी काचेसारखी गुळगुळीत लादी तयार झाली असेल, तर पाणी जायची वाट तुंबली आहे. फ्रॉस्ट फ्रीच्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर, आतून पंख्याची खरखर आणि खालचा फ्रीजचा कप्पा कोमट, असं तिन्ही एकत्र दिसलं तर डीफ्रॉस्टची, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा बंद पडल्याची दाट शक्यता आहे. खालच्या कप्प्याला थंड हवा बहुतेक वेळा फ्रीजरकडूनच मिळते. कॉइल बर्फानं बुजली की आधी तोच तापतो. दार उघडल्यावर पंखा थांबतो आणि खरखरही थांबते, यावरून तो आवाज पंख्याचाच आहे हे कळतं.

डायरेक्ट कूलमध्ये नळ्यांच्या एकाच टोकाला बर्फाचा गोळा आणि बाकीचा भाग कोरडा असेल, तर गॅस कमी झालेला असू शकतो. हे काम घरी होणारं नाही. सगळीकडे भराभर जाड थर चढत असेल आणि कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर थर्मोस्टॅट बिघडलाय किंवा त्याची बटण-चकती सर्वांत थंडवर ठेवली आहे. बर्फ वाढला की थंडावा आणखी वाढवायचा, ही सवय मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. तिनं बर्फ कमी न होता वाढतोच. फ्रीजरला उणे १८ अंश पुरेसे असतात. साधा फ्रीजर-थर्मामीटर पिशव्यांच्या मध्ये रात्रभर ठेवून खात्री करून घ्या.

पायरी ३: दार तपासा

हे काम फ्रीजर चालू असतानाच करा. कागदाची एक पट्टी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार बंद करा आणि हळूच ओढा. हाताला विरोध जाणवला, तर रबर तिथे नीट बसतंय. सहज निघाली, तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा. बिजागरीची बाजू विसरू नका, तिथलं रबर दुमडलेलं सहसा नजरेला पडत नाही. आणखी एक खूण: दार बंद करून लगेच पुन्हा उघडायला गेलात आणि ते किंचित ओढून धरल्यासारखं वाटलं, तर चांगलं लक्षण. आत शिरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून तसं होतं.

फट सापडली म्हणून लगेच नवं रबर मागवू नका. आधी कोमट साबणाच्या पाण्यानं रबर आणि ते टेकतं ती पट्टी, दोन्ही पुसा. घड्यांमध्ये चिकट मळ साठलेला असतो. रबर चपटं झालं असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ धरा आणि बोटांनी आकार द्या. एखादा ड्रॉवर पुरता आत जात नसेल किंवा पिशवीचं टोक आड येत असेल, तरी दार केसभर उघडं राहतं. फ्रीज किंचित मागे कललेला असावा, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपल्या वजनानं बंद होतं. त्यासाठी पुढचे पाय थोडे वर घ्या. एवढं करूनही कागद निसटत असेल, किंवा रबर चिरलेलं असेल, तर मॉडेल क्रमांक सांगून नवं घ्या.

एकदारी फ्रीजमध्ये आतल्या फ्रीजर-कप्प्याचं छोटं झाकणही बघा. ते तुटलं की खालच्या कप्प्यातल्या भाज्यांची आणि उघड्या भांड्यांची सगळी ओल वर जाऊन गोठते. मोठ्या दाराचं रबर उत्तम असूनही बर्फ थांबत नाही तो यामुळे.

पायरी ४: बर्फ वितळवा, फोडू नका

सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथणं, काहीही टोकदार लावू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. बर्फाच्या आड अ‍ॅल्युमिनियमची पातळ भिंत किंवा नळी असते आणि तिला एक भोक पडलं तर गॅस निघून जातो. पुष्कळदा त्या दुरुस्तीपेक्षा नवा फ्रीजर परवडतो. शिवाय अनेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. फुस्स असा आवाज आला, तर कोणतंही बटण चालू-बंद करू नका, जवळपास आग असू देऊ नका आणि खिडक्या-दारं उघडा. मीठही टाकू नका, त्यानं धातू गंजतो.

प्लग काढा. सामान एकावर एक दाटीनं रचून जाड चादरीत किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवा. तळाशी जुने टॉवेल अंथरा. कडकडीत उकळतं नव्हे, पण गरम पाण्याचं भांडं दुमडलेल्या कापडावर आत ठेवा, दार उघडं ठेवा आणि बाहेरून टेबल फॅनचा झोत सोडा. पाणी निवलं की बदला. हेअर ड्रायर मला या कामाला पसंत नाही. ओल्या जागी वीज नको आणि एकाच ठिकाणी उष्णता लागून प्लॅस्टिक वाकतं. बर्फ सुटला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीनं अलगद बाजूला करा.

सामान परत ठेवताना एकेक पाकीट चाचपून बघा. आत बर्फाचे कण असतील, तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरते इतकंच. पूर्ण वितळून कोमट झालेले मांस-मासे किंवा दुधाचे पदार्थ मात्र टाकून द्या.

पायरी ५: निचऱ्याची वाट मोकळी करा

तळाला लादी जमत असेल, तर ही पायरी महत्त्वाची. निचऱ्याचं भोक मागच्या भिंतीच्या तळाशी असतं. काही फ्रॉस्ट फ्रीमध्ये पॅनेलच्या आड. पिचकारीनं त्यात कोमट पाणी थोडं थोडं सोडा आणि ते मागच्या ट्रेमध्ये उतरतंय का बघा. उतरत नसेल, तर नळीतला बर्फ वितळायला वेळ द्या आणि पुन्हा करा. तार खुपसू नका, नळी फाटते. मऊ, बारीक प्लॅस्टिकची नळी चालते.

पायरी ६: फ्रॉस्ट फ्रीची खरी परीक्षा

पॅनेलवर थर असलेला फ्रीजर प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास राहू द्या. पॅनेलआडचा बर्फ लवकर वितळत नाही, चार तासांनी चालू करून या चाचणीचा उपयोग नाही. त्यानंतर तो नीट चालला आणि काही दिवसांत पुन्हा तोच थर आला, दाराचं रबर मात्र चोख आहे, तर दोष हीटरमध्ये, थंडी ओळखून हीटरला वीज देणाऱ्या बायमेटलमध्ये किंवा सेन्सरमध्ये, नाहीतर टायमर वा कंट्रोल बोर्डमध्ये आहे. हे मीटरनं तपासायचं काम मेकॅनिकचं.

त्याला नुसतं ‘बर्फ होतो’ एवढंच सांगू नका. बर्फ कुठे होता त्याचे फोटो दाखवा, वितळवल्यावर किती दिवसांनी परत आला ते सांगा, कागदाची चाचणी केल्याचं सांगा. आणि तो बोर्ड बदलायचा म्हणाला, तर आधी हीटर आणि बायमेटल मीटरनं तपासले का, हे विचारा. ते दोन्ही भाग बोर्डपेक्षा बरेच स्वस्त असतात.