वळवाच्या ढगाचा फोटो घ्यायचा तर तो दूर असतानाच

मे महिन्यात दुपारी वारा पडला, अंगाची काहिली व्हायला लागली की मी आधी कॅमेऱ्याची बॅटरी बघतो. वळवाचा ढग डोक्यावर आला की दिसते ते नुसते करडे छत. २०-३० किलोमीटरवरून मात्र अख्खा ढग दिसतो: १२-१५ किलोमीटर उंच, माथा ऐरणीसारखा पसरलेला. म्हणून त्याच्यामागे धावू नका, लांबूनच टिपा.

जागा दुपारीच ठरवा. पूर्वेचे क्षितिज मोकळे हवे. संध्याकाळचे ऊन आपल्या पाठीमागून थेट ढगावर पडते. पुण्याजवळ सासवड, जेजुरी, सुप्याकडची माळराने मला यासाठी फार आवडतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात सोनेरी गवत, त्यात चिंकारा आणि मागे जांभळा-काळा ढग असे दृश्य मिळाले, तर दिवस सार्थकी लागला. चिंकाऱ्याला मात्र हुसकावू नका.

निघण्यापूर्वी हवामान विभागाची रडारचित्रे आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पाहा.

सेटिंग. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता १००, लेन्सचे छिद्र एफ/८. ढगाची पांढरी कड जळू नये म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चौकटीत जमीन पाचवा हिस्सा पुरे, पण तिच्यावर एखादी बाभूळ किंवा मेंढरांचा कळप असू द्या, त्याशिवाय ढगाचा आकार कळत नाही. वाइड लेन्सवरच अडून राहू नका. २०० मिमीच्या टेलिलेन्सने फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगणारे माथे टिपा, ते मिनिटामिनिटाला बदलतात.

वीज अंधार पडल्यावर, ट्रायपॉडवरून. दूरच्या दिव्यावर मॅन्युअल फोकस करा, शटर १० ते २० सेकंद उघडे ठेवा, आणि एकामागून एक फ्रेम घेत राहा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा; ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. अंतर ३० सेकंदांवर आले की ट्रायपॉड सोडून बंद गाडीत बसायचे. झाडाखाली नाही, टेकडीच्या माथ्यावर तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, फ्रेम कितीही चांगली दिसो.

पाऊस पुढे सरकल्यावर गाडीच्या काचेतूनच पुन्हा पूर्वेकडे पाहा. सूर्य मावळतीला असेल तर समोर इंद्रधनुष्य उभे असते. कधी ऐरणीखाली लोंबणाऱ्या फुगवट्यांवर केशरी उजेड पडतो, तो जेमतेम काही मिनिटे टिकतो.

घरी आल्यावर कॉन्ट्रास्ट ओढून ढग काळाकुट्ट करू नका. पावसाच्या पडद्यातला निळसर करडा रंग त्यात पहिल्यांदा मरतो.