सामू मोजावा, हिशेब अल्कतेचा मांडावा

आपल्या बोलण्यात ‘क्षार’ हा शब्द दोन वेगळी कामे करतो. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसला की पाण्यात क्षार फार आहेत असे आपण म्हणतो, आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर गेला तरी पाणी क्षारयुक्त झाले असेच म्हणतो. शेतकरी याबाबत अधिक काटेकोर असतो. विद्राव्य मीठ साचलेल्या जमिनीला तो खारवट म्हणतो आणि सोडियमने बिघडलेल्या जमिनीला चोपण. नैसर्गिक पाण्याचे गणिती प्रतिमान मांडणाऱ्यानेही हाच काटेकोरपणा आरंभापासून पाळावा. या लेखात खारेपणा म्हणजे विरघळलेल्या सर्व आयनांची एकूण मात्रा, अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, आणि आम्लता म्हणजे त्याच्या उलट, पाण्यावर असलेले आम्लाचे देणे, असे अर्थ घेतले आहेत.

खारेपणा, अल्कता आणि एकूण विरघळलेले अजैविक कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मिळून) यांचा जमाखर्च मांडता येतो. सामूचा येत नाही. सामू हे त्या जमाखर्चातून शेवटी निघणारे उत्तर असते. नवशिक्यांची बहुतेक प्रतिमाने चुकतात ती इथेच. समजा, ७.४२ सामूचे आणि ४ मिलिइक्विव्हॅलंट (विद्युतभाराच्या हिशेबात मोजलेले मिलिमोल) प्रतिलिटर अल्कतेचे विहिरीचे पाणी, ९ सामू आणि १ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता असलेल्या तलावाच्या पाण्यात समप्रमाणात मिसळले. सामूची सरासरी काढली तर ८.२ येते. प्रत्यक्षात अल्कतेची सरासरी २.५ आणि कार्बनची सरासरी सुमारे २.६५ मिलिमोल येते, आणि त्यांवरून काढलेला सामू ७.६ च्या आसपास असतो, कारण विहिरीच्या पाण्यातला मोकळा कार्बन डायऑक्साइड तलावाच्या पाण्यातल्या थोड्याशा कार्बोनेटला सहज खाऊन टाकतो.

कामाची सुरुवात नमुन्यापासून होते. बाटली काठोकाठ भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये, आणि सामू व तापमान जागेवरच मोजावे. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तीन तास तापलेल्या बाटलीचा सामू हा त्या विहिरीचा सामू राहत नाही. अल्कतेसाठी १०० मिलिलिटर नमुन्यात ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटने सोडत सामू ४.५ पर्यंत आणावा. त्याला २० मिलिलिटर आम्ल लागले तर अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजेच ४ मिलिइक्विव्हॅलंट होते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे.

यानंतर आयनांचा ताळेबंद जुळवावा. नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर आणि पूर्वेकडचा बराचसा भाग जुन्या रूपांतरित खडकांवर वसलेला असल्याने एका शहरातल्या दोन बोअरवेलचे पाणी सारखे असेल असे गृहीत धरू नये. उदाहरणादाखल एका विहिरीत प्रतिलिटर कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३०, सोडियम ४६ आणि पोटॅशियम २ मिलिग्रॅम आहे असे धरू. प्रत्येक आकड्याला त्या आयनाच्या तुल्यभाराने, म्हणजे अनुक्रमे २०, १२.१५, २३ आणि ३९ ने भागले की धनभाराची बेरीज ७.५ मिलिइक्विव्हॅलंट येते. ऋण बाजूला क्लोराइड ७१, सल्फेट ४८ आणि नायट्रेट ३१ मिलिग्रॅम असल्यास त्यांची बेरीज ३.५ होते. उरलेला ४ चा फरक हीच अल्कता. टायट्रेशनने, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे आम्ल सोडून, आलेली अल्कता या आकड्याशी जुळली नाही तर पुढचे गणित करण्यात अर्थ नसतो. धन आणि ऋण भारांतला फरक त्यांच्या एकूण बेरजेच्या पाच टक्क्यांहून जास्त असल्यास प्रयोगशाळेकडे परत जावे. विद्युतवाहकता हा आणखी एक स्वस्त पडताळा आहे: साध्या गोड्या पाण्यात धनभाराची बेरीज शंभरपट केली की वाहकता साधारण तितकी मायक्रोसीमेन्स प्रतिसेंटिमीटर असते, म्हणजे इथे ७५० च्या जवळपास.

खारेपणा काढताना एक जुनी ठोकर टाळावी. वरील सर्व आयन आणि २४४ मिलिग्रॅम बायकार्बोनेट मिळून ५३२ मिलिग्रॅम होतात, परंतु पाणी आटवून वजन केले तर सुमारे ४०८ च भरतात, कारण तापवताना बायकार्बोनेटचे जवळजवळ अर्धे वजन कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रतिमानात मात्र कोणता वापरला ते लिहून ठेवावे.

आता सामूचे समीकरण. अल्कता म्हणजे बायकार्बोनेट अधिक दुप्पट कार्बोनेट अधिक हायड्रॉक्साइड उणे हायड्रोजन आयन. २५ अंश सेल्सिअसला कार्बोनिक आम्लाच्या दोन वियोजन स्थिरांकांचे ऋण लॉगॅरिदम ६.३५ आणि १०.३३ आहेत आणि पाण्याचा १४. पाणी हवेपासून तुटलेले असेल तर एकूण कार्बन स्थिर धरावा. हवेशी खेळते असेल तर कार्बन डायऑक्साइडचा दाब स्थिर धरावा. मग एक्सेलच्या ‘गोल सीक’ने, किंवा सामू २ आणि १२ यांच्यामधले अंतर निम्मे-निम्मे करत, समीकरण शून्यावर आणावे. तापमान २५ पासून दूर असल्यास स्थिरांक बदलून घ्यावेत.

बंद आणि खुल्या प्रणालीतला हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात जमिनीतल्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.०१ वातावरण असेल तर ४ मिलिइक्विव्हॅलंट अल्कतेला सामू ७.४२ येतो. तेच पाणी बादलीत उघडे ठेवले आणि सध्याच्या हवेशी, म्हणजे सुमारे ४२० भाग प्रतिदशलक्ष कार्बन डायऑक्साइडशी, समतोलात आले तर सामू ८.८ कडे सरकतो. अल्कता तितकीच राहते, पण कार्बोनेट वीसपटीहून अधिक वाढते आणि पाण्यावर कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे कॅल्साइटची, पांढरी साय धरते. साय धरली की प्रत्येक मोल कॅल्साइटमागे दोन इक्विव्हॅलंट अल्कता वजा करावी लागते, त्यामुळे ८.८ ही वरची कड समजावी.

नागपूरच्या फुटाळ्यासारख्या शेवाळी तलावात दुपारी सामू चढतो आणि पहाटे उतरतो, तो शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेते आणि सोडते म्हणून. इथे कार्बनचे खाते हलवावे, अल्कतेला हात लावू नये. नागनदीसारख्या सांडपाणी वाहणाऱ्या प्रवाहात उलट आहे: अमोनियाचे नायट्रेट होताना प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७.१४ मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते. दहा मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असलेले पाणी कन्हानला मिळेपर्यंत पूर्ण ऑक्सिडीकृत झाले, तर अल्कतेतून ७१ वजा करायला हवेत.

आम्लता म्हणजे ऋण अल्कता. कोळशाबरोबरचे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, हवा-पाण्याने पूर्ण ऑक्सिडीकृत झाले की एका मोलमागे चार मोल हायड्रोजन आयन सुटतात. अशा पाण्यात नुसता सामू फसवतो, कारण ६ सामूच्या पाण्यातही ५६ मिलिग्रॅम फेरस लोह असेल तर ते गंजून खाली बसताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १०० मिलिग्रॅम आम्लता बाहेर पडते. म्हणून लोह, ॲल्युमिनियम आणि मँगनीज वेगळे मोजावेत.

बाष्पीभवनाच्या प्रतिमानात क्लोराइड हा घड्याळासारखा वापरावा; ते दहापट झाले तर पाणी दहापट आटले. कॅल्शियम मात्र दहापट होत नाही, ते कॅल्साइट होऊन बसते. कॅल्शियम अल्कतेपेक्षा कमी असेल, जसे आपल्या विहिरीत ३ विरुद्ध ४ आहे, तर कॅल्शियम आधी संपते आणि अल्कता साचत जाते. मॅग्नेशियम पुढे यातला वाटा मागते, पण वाट साधारण याच दिशेची. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी बेसॉल्टच्या कुशीत असूनही खारे आणि १० च्या आसपास सामूचे आहे, ते आटत गेलेल्या पाण्यातल्या याच कार्बोनेटमुळे.

इतक्या खाऱ्या पाण्यात साधी तीव्रता वापरून चालत नाही; आयन एकमेकांना अडवतात, म्हणून तीव्रतेला क्रियाशीलता गुणांकाने गुणावे लागते, आणि तो आयनिक शक्तीवरून, म्हणजे पाण्यातल्या एकूण आयनभाराच्या मापावरून, निघतो. आपल्या विहिरीची आयनिक शक्ती ०.०१ च्या जरा वर आहे आणि डेव्हिसच्या सूत्राने एकभारी आयनाचा क्रियाशीलता गुणांक ०.९०, द्विभारी आयनाचा ०.६५ येतो, हे सूत्र ०.५ पर्यंत कामचलाऊ आहे. त्यापुढे पिट्झरची समीकरणे घ्यावीत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची फ्रीक-सी ही मोफत संगणकप्रणाली दोन्ही करते, परंतु पिट्झरचा माहितीसंच आपल्याला स्वतः निवडावा लागतो आणि तो न निवडण्याची चूक केली तरी कार्यक्रम बिनतक्रार उत्तर देतो.

प्रतिमान तयार झाल्यावर पहाटे पाचला आणि दुपारी तीनला त्याच तलावाचे दोन नमुने घ्यावेत. मोजलेली अल्कता दोन्ही वेळा जवळजवळ सारखी आली आणि प्रतिमानाने केवळ कार्बन बदलून दोन्ही सामू ०.२ च्या आत पकडले, तर मांडणी ठीक समजावी; अल्कताच हलली असेल तर कॅल्साइट बसले का हे पाहण्यासाठी कॅल्शियम पुन्हा मोजावे.