घरात निळा पफर आहे का? मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

मेलबर्नला नवीन आलेलं कुटुंब भेटलं की मी घर, शाळा, गाडी या विषयांच्या आधी एकच विचारते: घरात निळा पफर आहे का? पफर म्हणजे आपल्याकडचा दम्याचा पंप, आणि निळा म्हणजे धाप लागल्यावर लगेच ओढायचा. बहुतेक जण म्हणतात, "आमच्याकडे कुणालाच दमा नाही." तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. या शहरात कधीही दमा नसलेल्या माणसालाही एखाद्या संध्याकाळी अचानक धाप लागू शकते.

आधी इथला वसंत समजून घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर शहराबाहेरच्या कुरणांमधलं रायग्रास नावाचं गवत फुलतं. उत्तरेकडून गरम वारा सुटला की त्याचे परागकण शहरावर येतात. टार्निट, ट्रुगनिना, क्रेगीबर्न ही आपली बरीच वस्ती असलेली उपनगरं तर माळरानाला लागूनच आहेत. लागोपाठ शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, लाल डोळे, टाळूला खाज, हा झाला हे फीवर. नावात ताप असला तरी ताप येत नाही. साधं पडसं आठ-दहा दिवसांत ओसरतं, हे फीवर आठवडेच्या आठवडे चालतो. पहिल्या वर्षी बहुधा काहीच जाणवत नाही. ॲलर्जी तयार व्हायला काही वसंत जावे लागतात, म्हणून "इतके दिवस काही नव्हतं, आताच कसं?" असं विचारणारे खूप भेटतात.

हे सगळं नाकापुरतं राहिलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. 21 नोव्हेंबर 2016 ला दिवसभर कडक ऊन होतं आणि संध्याकाळी वादळ आलं. पुढच्या दीड दिवसात श्वासाच्या त्रासाने नेहमीपेक्षा 3,000 हून जास्त रुग्ण इस्पितळांच्या तातडीच्या विभागात गेले. 10 माणसं दगावली. एरवी परागकण आकाराने मोठा असतो आणि नाकातच अडकतो. वादळात तो वर ओढला जातो, ओल लागून फुटतो आणि त्याचे बारीक कण वादळाच्या पुढच्या वाऱ्याबरोबर जमिनीलगत येतात. हे कण थेट फुफ्फुसात उतरतात, श्वासनलिका आवळतात. हाच वादळी दमा. त्या दिवशी त्रास झालेल्यांपैकी बहुतेकांना हे फीवर होता, पण दम्याचं निदान अनेकांचं झालेलंच नव्हतं. आणि भारतीय उपखंडात आणि आग्नेय आशियात जन्मलेल्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होतं. ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

आपल्याला वळवाची सवय. ढग दाटले, वारा सुटला की आपण मातीचा वास घ्यायला गॅलरीत धावतो. इथे नोव्हेंबरमध्ये हे करू नका. पावसाआधीचा तो वाराच घातक. घरात या, दारं-खिडक्या लावा, बाहेरची हवा आत ओढणारा कूलर बंद करा. गाडीत असाल तर काचा वर आणि हवा आतल्या आत फिरणारं बटण चालू. विकएमर्जन्सी या सरकारच्या आपत्कालीन सूचनांच्या ॲपवर ऑक्टोबर ते डिसेंबर रोज वादळी दम्याचा अंदाज येतो. दिवाळीही नेमकी याच दिवसांत. मैदानातला कार्यक्रम ठरवताना आणि सकाळी आईवडिलांना बागेत फिरायला पाठवताना तो अंदाज बघायचाच.

निळा पफर औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, मात्र फार्मसिस्टशी बोलावं लागतं. स्पेसर म्हणजे मध्ये लावायची प्लास्टिकची नळीही सोबत घ्या. दम्याचा अटॅक आला तर माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. पफर हलवून स्पेसरमध्ये एक दाब, त्यावर चार श्वास. असे एकेक करून चार दाब. मग चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर 000 हा इथला तातडीचा नंबर लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हेच चालू ठेवा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, गळ्याचा खळगा आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आधी 000. छातीतली शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असंही समजू नका. हवाच आत जात नसेल तरीही आवाज बंद होतो. काढा, ओवा, वाफ हे पडशासाठी ठीक, इथे त्यांच्यात वेळ घालवू नका.

पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नाला आडवं येईल, लोक काय म्हणतील, हे सगळं अजूनही कानावर येतं आणि फार वाईट वाटतं. पंपाचं व्यसन लागत नाही. उलट निळा पफर आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा, रोज घ्यायचा प्रतिबंधक पफर ते देतील. हे फीवर दरवर्षी होत असेल तर नाकाच्या स्प्रेबद्दल ऑगस्टमध्येच विचारा. तो मोसमाच्या आधीपासून रोज मारला तरच नीट काम करतो.

इथल्या जून ते ऑगस्टच्या हिवाळ्याचं थोडक्यात सांगते. फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये घ्या. पाळणाघरातलं मूल पहिल्या हिवाळ्यात सतत आजारी पडतं, घाबरू नका. जीपीने अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून चिडू नका, पडसं विषाणूचं असतं, त्यावर ते चालत नाही. खोकला तीन आठवड्यांपलीकडे गेला, ताप उतरेना, कफात रक्त दिसलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र पुन्हा दाखवा.

पैशांचं आधीच बघून ठेवा. मेडिकेअर ही इथली सरकारी आरोग्य योजना ॲम्ब्युलन्सचा खर्च देत नाही, त्यासाठी ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचं वेगळं सदस्यत्व असतं. विद्यार्थ्यांनी आपल्या विम्यात ॲम्ब्युलन्स धरली आहे का ते वाचा. आईवडील पाहुणे म्हणून येणार असतील तर त्यांचा विमा तिकिटाबरोबरच काढा आणि त्यांची नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणायला सांगा. त्यांना इंग्रजी जमत नसेल तर 131 450 वर दुभाषा मिळतो. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांच्या सहीचा दम्याचा आराखडा शाळा मागतेच. त्याची एक प्रत फ्रिजवर लावा आणि पफर कुठे ठेवला आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा, आजी-आजोबांनासुद्धा.