सहलीला पन्हं नको, पन्ह्याचा गर न्या

दहा-बारा जणांचं तयार पन्हं गाडीत हिंदकळतं, सांडतं आणि पोहोचेपर्यंत कोमट होतं. त्याऐवजी घट्ट गर न्यावा, पाणी तिथे घालावं.

1. आदल्या दिवशी अर्धा किलो कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा. गार झाल्यावर गर काढा, साधारण दीड वाटी निघतो.
2. गूळ एकदम घालायची घाई नको, चव घेत घाला. दोन वाट्या चिरलेला गूळ बहुतेक पुरतो. कैरी फार आंबट असेल तर थोडा जास्त. मीठ, वेलची, हवं तर केशर.
3. गाळून काचेच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा.
4. प्यायच्या पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. वर चार बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते.
5. निघताना बरणी त्या दोन बाटल्यांच्या मध्ये, जाड टॉवेलमध्ये गुंडाळा.

तिथे पेल्याला तीन मोठे चमचे गर, वर वितळलेलं गार पाणी. बारा पेले सहज होतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र गर ठेवू नका, आंबट कळकतं. रस्त्यावरचा बर्फही टाळा, तो पिण्यासाठी केलेला असेलच असं नाही.