दोन लिटरच्या बाटलीचं पाणी-रॉकेट आणि त्याचा लाँचर

हवेच्या दाबावर काही उडवायचं म्हटलं की हात आधी पीव्हीसीच्या जाड पाइपकडे जातो. त्याचीच टाकी करून बटाटे फेकणारी नळी बनवतात. पण हवा भरलेलं पीव्हीसी फुटतं ते काचेसारखं, धारदार तुकडे उडवत; उन्हात राहिलेलं तर आणखी ठिसूळ. कोल्ड्रिंकची बाटली सहसा ताणली जाऊन फाटते. म्हणून टाकीही बाटलीच आणि उडणारी वस्तूही बाटलीच: उलट्या बाटलीत थोडं पाणी आणि दाबलेली हवा, हवा पाणी खाली ढकलते आणि बाटली वर जाते. तिला धरून ठेवणारा आणि सोडणारा सांगाडा म्हणजे लाँचर.

बाटली सोड्याची, बुडाला पाच फुगवटे असलेलीच घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती चालणार नाही. ओरखडा किंवा घडी पडलेली बाटली बाद.

या बाटल्यांच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २१.७ मिमी असतो आणि अर्ध्या इंची पाइपचा बाहेरचा २१.३ मिमी. या जुळणीवरच सगळा लाँचर उभा आहे. हा पाइपही पीव्हीसीचाच, पण बारीक असल्याने त्यात हवा थोडीच मावते; तरीही जाड भिंतीचा, शेड्यूल ८० पाइप घ्या. बाटलीत सुमारे २० सेंमी जाईल एवढा तुकडा उभा ठेवा, म्हणजे वरचं टोक पाण्याच्या वर राहतं आणि पाणी नळीत उतरत नाही. तोंड जिथे बसेल तिथे १.५ मिमी खोल खाच पाडून १८ मिमी आतल्या व्यासाची, २ मिमी जाडीची ओ-रिंग (हवा अडवणारी गोल रबरी कडी) बसवा. खाच एकसारखी हवी. एका बाजूला खोल गेली की तिथूनच फुसफुस सुरू होते. खालच्या टोकाला एल्बो (काटकोनी जोड), आडवा तुकडा आणि एंड कॅप. कॅपला ११.५ मिमीचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आतून ओढून बसवा. सॉल्व्हेंट सिमेंटचे जोड २४ तास वाळू द्या आणि सगळं जाड लाकडी फळीवर क्लॅम्पने आवळा.

आता पकड. उभ्या पाइपवर, तोंडाच्या खाली एक कपलर (पाइप जोडायची बाही) चिकटवा. त्याभोवती १० ते १२ केबल टाय उभे लावून होज क्लिपने आवळा. टायची डोकी आत वळलेली आणि बाटलीच्या मानेवरच्या कड्यावर अडकलेली हवीत. बाहेरून मोठ्या पाइपचा तुकडा कॉलर म्हणून सरकवा. तो वर असेपर्यंत डोकी सुटत नाहीत. कॉलरला दोन बाजूंनी दोरी बांधून किमान पाच मीटर लांब न्या. कॉलर सैल असेल तर बाटली दाबाखाली आपोआप सुटते, घट्ट असेल तर ओढूनही हलत नाही. इथे घाई नको: बाटली लावून, हवा न भरता, दहा-वीस वेळा ओढून पाहा.

पहिल्यांदा हवा भरण्याआधी पाण्याची चाचणी करा. बाटली आणि पाइप काठोकाठ पाण्याने भरून ९० पीएसआयपर्यंत (टायरच्या हवेचं माप) दाब द्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही तुटलं तरी फक्त ओलं होतं. हवेइतकी साठलेली ताकद त्यात नसते.

शेपटीला प्लास्टिकच्या नालीदार पत्र्याचे तीन पंख टेपने लावा. ग्लू गन वापरू नका, तापलेल्या गोंदाने बाटली मऊ पडते आणि तिथेच फाटते. नाकाला, म्हणजे बाटलीच्या बुडाला, ६० ग्रॅमच्या आसपास मऊ माती फोमखाली बसवा. रॉकेट हवेत कोलांट्या मारत असेल तर वजन पुढे कमी आहे किंवा पंख लहान आहेत.

पाणी बाटलीच्या एक तृतीयांश, म्हणजे ६५० मिली. कमी भरलं तर ढकलायला वजनच नाही, जास्त भरलं तर हवेला जागा उरत नाही. मोकळ्या मैदानात, लाँचर किंचित तिरपा ठेवून, गेज असलेल्या पंपाने ४० पीएसआयपासून सुरुवात करा. ६०च्या वर जाऊ नका. पंपाची नळी पाच मीटरची हवी, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा. दाब भरलेल्या बाटलीवर कुणीही वाकू नये. कॉलर अडकली तर दुरूनच हवा सोडता यावी म्हणून टायरच्या व्हॉल्व्हमधला कोर (हवा परत येऊ न देणारी पिन) आधीच काढून टाका, पंपाजवळ नळीवर छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवून ठेवा आणि गेज शून्यावर आल्याशिवाय जवळ जाऊ नका.